विद्यापीठात लेखनकला शिकावी काय?

ए-लेव्हलचा निकाल लागला की आपल्या बेटावरच्या मराठी घरांतून एकच चर्चा सुरू होते. पुढे काय? कुणी संगणकाचे नाव घेतो, कुणी वैद्यकाचे, कुणी कायद्याचे, कुणी हिशेबतपासणीचे. ही नावे आता घरातल्या आजीलाही पाठ झाली आहेत. अलीकडे मात्र एखाद्या घरात निराळेच उत्तर ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला लेखन शिकायचे आहे. गोष्टी कशा लिहाव्यात, कविता कशी लिहावी, नाटक कसे लिहावे, ते मला विद्यापीठात शिकायचे आहे." मग आई वडिलांकडे पाहते, वडील घराच्या कर्जाच्या हप्त्याकडे पाहतात, आणि आजी देवाकडे पाहते.

या प्रश्नावर आम्हाला आज थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. प्रश्न एका घरापुरता नाही. या बेटावर मराठी माणसाची जी काही गोष्ट आहे ती पुढे कोण सांगणार, हे त्यावर अवलंबून आहे.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा वेळ मोडायला नको. लेखन जरूर शिकावे. विद्यापीठातच शिकावे. पण ते वेगळ्या कोठडीत बसून शिकू नये. इतिहास, विज्ञान, अर्थशास्त्र, कायदा यांच्या संगतीत, विद्यापीठाच्या भर वस्तीत राहून शिकावे. आणि आपल्या मुलांनी ते शिकताना मराठीला बाहेरच्या पायरीवर बसवू नये.

शिकवतात तरी काय?

पुष्कळ पालकांचा समज असा की लेखनाचा वर्ग म्हणजे गुरुजींनी कवितेचे वृत्त सांगायचे आणि मुलांनी गण मोजायचे. प्रत्यक्षात तसे नसते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू केली, आणि तेथील पद्धत पुढे जगभर पसरली. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली असा अभ्यासक्रम काढला. पद्धत साधी आहे. दहा-पंधरा विद्यार्थी गोल करून बसतात. एकाने लिहिलेली गोष्ट बाकीच्यांनी आधीच वाचून आणलेली असते. मग सगळे बोलतात. कुठे रंगली, कुठे कंटाळा आला, कोणते पात्र खरे वाटले, कोणते खोटे. ज्याची गोष्ट असेल त्याने तोंड मिटून ऐकायचे. ऐकून घरी जायचे आणि गोष्ट पुन्हा लिहायची.

आपल्याकडे नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये इंग्रजीच्या विभागात असे वर्ग आहेत. नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत सर्जनशील लेखन हा उपविषय म्हणून घेता येतो. म्हणजे मुख्य विषय दुसरा ठेवून त्याच्या जोडीला काही तास लेखनाचे. सत्र तेरा आठवड्यांचे. तेवढ्या काळात कोणी मोठा लेखक होत नाही, आणि शिकवणारेही तसे आश्वासन देत नाहीत.

मग उपयोग काय? आपल्यापैकी ज्यांनी तबला किंवा गाणे शिकले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. गळा देवाने दिलेला असतो, पण रियाज गुरूसमोर बसूनच होतो. गुरू प्रतिभा देत नाही. चुकलेला सूर दाखवतो आणि पुन्हा म्हणायला लावतो. कीर्तनकारही आधी दुसऱ्याच्या मागे झांज धरून उभा राहतो, मगच पुढे येतो. लेखनाच्या बाबतीत मात्र आपण उगाच समजून चाललो की ते आपोआप येते किंवा येतच नाही. लेखनाचा वर्ग मुलाला मुख्यतः दोन गोष्टी शिकवतो. पहिली, आपले लिहिणे दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणे. दुसरी, लिहिलेले खोडून पुन्हा लिहिणे. या दोन्ही सवयी लेखकालाच काय, वकिलाला, डॉक्टराला आणि दुकानदारालाही उपयोगी पडतात.

आता तर यंत्रही निबंध लिहून देते. बटण दाबले की पानभर मजकूर समोर येतो, व्याकरण बिनचूक. अशा काळात "मला नेमके काय म्हणायचे आहे" हे स्वतःशी ठरवता येणे आणि आपलेच वाक्य ओळखता येणे, याची किंमत कमी झाली नसून वाढली आहे, असे आम्हाला वाटते. तयार मसाला बाजारात मिळतो म्हणून घरच्या गोड्या मसाल्याची चव कोणी विसरत नाही.

आधी पोटोबा

पालकांची खरी अडचण मात्र वेगळी आहे. आधी पोटोबा, मग विठोबा. आम्ही या म्हणीला हसत नाही. ज्यांनी या बेटावर एका पगारावर घर चालवले, मुलांच्या शिकवण्यांचे पैसे भरले, त्यांना ही म्हण शिकवावी लागत नाही.

या देशालाही एके काळी तेच वाटत होते. काव्य ही आपल्याला न परवडणारी चैन आहे, अशा अर्थाचे उद्गार पंतप्रधान ली क्वान यू यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस सिंगापूर विद्यापीठात काढले होते. आज ते उद्गार कठोर वाटतात. पण तो काळ डोळ्यांपुढे आणावा. १९६५ साली देश स्वतंत्र झाला होता. १९६८ च्या जानेवारीत ब्रिटिशांनी आपले लष्कर येथून हलवण्याचे जाहीर केले होते, आणि त्या तळांवर हजारो कुटुंबांची चूल पेटत होती. अशा वेळी घरातला कर्ता माणूस मुलाला कवितेऐवजी कारखान्याकडे पाठवतो. त्यात नवल नाही.

नवल पुढेच आहे. कर्जे फिटली, घरे झाली, देश श्रीमंत झाला. पण सवय गेली नाही. ओ-लेव्हलला इंग्रजी साहित्य हा पूर्ण विषय घेणारे विद्यार्थी १९९२ साली सुमारे १७ हजार होते. २०१२ साली ते सुमारे ३ हजारांवर आले. विषय बदलले, परीक्षेची रचना बदलली, सामाजिक अभ्यास सक्तीचा झाला, ही कारणे आहेतच. पण साहित्यात हमखास गुण मिळत नाहीत ही धास्तीही त्यात होती. तेव्हा विद्यापीठात लेखन शिकू पाहणारे आपले मूल पुष्कळदा शाळेत साहित्याची दोन पुस्तकेही नीट न वाचता तेथे पोहोचते. दोष मुलाचा नाही. पण ही उणीव ध्यानात ठेवली पाहिजे.

पोटाचे काय, या प्रश्नाचे उत्तर आम्ही उपदेशाने देणार नाही. या बेटावरच्याच माणसांची उदाहरणे पाहू.

येथील माणसे

१९४९ साली रॅफल्स कॉलेज आणि किंग एडवर्ड सेव्हन्थ वैद्यकीय कॉलेज एकत्र करून येथे मलाया विद्यापीठ स्थापन झाले. लेखन शिकवण्याचा वर्ग तेव्हा नव्हता. पण नव्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी कविता लिहायला सुरुवात केली आणि स्वतःच मासिके काढली. वांग गुंगवू यांचा छोटा कवितासंग्रह १९५० साली निघाला, तेव्हा ते विद्यार्थी होते. पुढे ते इतिहासकार झाले. दक्षिण समुद्रातल्या चिनी व्यापाराचा इतिहास त्यांनी लिहिला आणि हाँगकाँग विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. कविता लिहिल्याने त्यांच्या इतिहासाचे काही बिघडले नाही.

याच विद्यार्थ्यांनी एक गंमतीचा प्रयोग केला होता. इंग्रजी, मलय आणि चिनी यांचे मिश्रण करून कवितेसाठी नवी भाषा घडवायची. तिचे नाव त्यांनी ठेवले "एंगमालचिन". प्रयोग फार काळ टिकला नाही. पण त्या नावाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. इंग्रजीचा एक तुकडा, मलयचा एक, चिनीचा एक. भारतीय भाषेचा एकही नाही. कोणी मुद्दाम वगळले असे आम्ही म्हणत नाही. पण पंगतीत जो येऊन बसत नाही त्याचे पान मांडले जात नाही.

दुसरे नाव एडविन थम्बू यांचे. वडील तमिळ, आई चिनी. १९५४ साली विद्यापीठातल्या सोशॅलिस्ट क्लबच्या "फजर" या पत्रातील एका लेखावरून आठ विद्यार्थ्यांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. त्या आठांत थम्बू होते. लंडनचे नामांकित वकील डी. एन. प्रिट त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांना साहाय्य करणारे तरुण वकील होते ली क्वान यू. विद्यार्थी निर्दोष सुटले. विद्यार्थ्यांच्या लिहिण्याची बाजू कोर्टात मांडायला मदत करणाऱ्या वकिलांनीच पुढे पंतप्रधान म्हणून कवितेला चैन म्हटले. काळ माणसाकडून काय काय बोलवून घेतो!

थम्बू यांचा पहिला संग्रह १९५६ साली आला, तेव्हा ते शिकतच होते. पण पदवी मिळाल्यावर त्यांना लगेच विद्यापीठात जागा मिळाली नाही. सुमारे नऊ वर्षे त्यांनी सरकारी नोकरी केली. प्राप्तिकर खाते, भविष्यनिर्वाह निधीचे मंडळ, टेलिफोन मंडळ अशा ठिकाणी काढली. १९६६ साली ते विद्यापीठात आले, आफ्रिकी कवितेवर त्यांनी डॉक्टरेट केली, आणि १९८० साली नॅशनल युनिव्हर्सिटी झाल्यावर तेथे कला आणि सामाजिक शास्त्रे या शाखेचे ते अधिष्ठाता झाले. प्राप्तिकराच्या कचेरीत बसलेला माणूस कवी राहू शकतो, हे ज्यांना पटत नाही त्यांनी हे चरित्र पाहावे.

गोपाल बराथम मेंदूचे शल्यविशारद होते. दिवसा रुग्णाच्या डोक्यावर शस्त्रक्रिया, आणि उरलेल्या वेळात कथा-कादंबऱ्या. "अ कॅन्डल ऑर द सन" ही त्यांची कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. फिलिप जेयारत्नम यांचे पहिले पुस्तक १९८७ साली आले. ते वकील होते, आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

या चौघांकडे पाहून पालकांनी एवढेच समजावे, की लेखन हे पोटाच्या आड येणारे मांजर नव्हे. शिवाय आणखी एक गोष्ट दिसते. चौघांचेही लेखन त्यांच्या दुसऱ्या विद्येच्या अंगाने समृद्ध झाले. लिहायला हात लागतो तसा मालही लागतो. माल बाहेरच्या जगातून आणावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही हेच

मराठीत पाहावे तर ही परंपरा आणखी ठसठशीत दिसते. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. बर्लिनला जाऊन त्यांनी मानवशास्त्राची डॉक्टरेट केली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्यभर तेच शिकवले. रानावनांतून हिंडून माणसांची मोजमापे घेणाऱ्या या बाईंनी महाभारतातील व्यक्तींवर "युगान्त" लिहिले, आणि १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नातेसंबंधांचा शास्त्रीय अभ्यास केला नसता तर कुंती आणि गांधारी त्यांना तशा दिसल्या असत्या काय? आम्हाला वाटते, नाही.

जयंत नारळीकर यांची हकीकत तर मुलांना अवश्य सांगावी. केंब्रिजला शिकून आलेले खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती "नारायण विनायक जगताप" या नावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. मोठ्या नावाला बक्षीस मिळाले असे कुणी म्हणू नये म्हणून ही खबरदारी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रतही पत्नीच्या हातून लिहून घेतली. त्या "कृष्णविवर" कथेला पहिले बक्षीस मिळाले. २०२१ साली नाशिकला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२५ साली त्यांचे निधन झाले. कथा लिहिण्यासाठी त्यांनी आकाश सोडले नाही. आकाशातूनच कथा आणली.

विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. वर्गात शेक्सपिअर शिकवायचा, आणि घरी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र व "राजा लिअर" मराठीत आणायचे. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. गाव कानडी, नोकरी इंग्रजीची, आणि लेखन मराठीत. आपल्या घरांतल्या मुलांनी या तीन भाषांकडे नीट पाहावे. आपलीही स्थिति याहून फार वेगळी नाही.

२०११ साली येथे विश्व मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी महेश एलकुंचवार होते. तेही नागपूरला इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि "वाडा चिरेबंदी" त्यांनी मराठीत लिहिले. पडक्या वाड्यातल्या एका वऱ्हाडी कुटुंबाची गोष्ट, पण ती पाहताना आपल्याच काकांची आणि आत्याची आठवण कुणाला होत नाही?

कोठडी नको, ओसरी हवी

म्हणून आमचा आग्रह असा की मुलाने लेखन घ्यावे ते जोडविषय म्हणून, किंवा मुख्य विषय म्हणून घेतले तरी शेजारी दुसरी एखादी विद्या घ्यावी. नॅशनल युनिव्हर्सिटीने २०२१ साली मानव्यविद्या आणि विज्ञान यांचे एकत्र महाविद्यालय सुरू केले, आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना काही विषय सामायिक केले. याचा फायदा घ्यावा. जीवशास्त्राच्या मुलीने कथेच्या वर्गात बसावे, आणि कथेच्या मुलाने आकडेशास्त्राला भिऊ नये. नुसत्या लेखकांत वावरून लेखन शिकले तर पुष्कळदा लेखकांविषयीच्याच गोष्टी लिहिल्या जातात. ज्या घराला एकच खिडकी, त्या घरातून एकच गल्ली दिसते.

यात आणखी एक व्यवहाराची बाजू आहे. २०१३ साली येल-एनयूएस कॉलेज येथे सुरू झाले. सगळ्या मुलांनी तत्त्वज्ञान, विज्ञान आणि साहित्य मिळून शिकायचे, अशी त्याची रचना होती, आणि लेखन शिकवण्याची तेथे चांगली सोय होती. २०२१ साली ते बंद करण्याचे जाहीर झाले, आणि २०२५ साली शेवटची तुकडी बाहेर पडली. निर्णयाची बरीवाईट चर्चा पुष्कळ झाली, ती आम्ही येथे उकरत नाही. बोध एवढाच घ्यावा की अभ्यासक्रम येतात आणि जातात. लेखन कोणा एका संस्थेच्या दाराशी बांधून ठेवू नये. ते विद्यापीठभर पसरलेले असले, म्हणजे एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते.

मराठीचे काय?

आता आपल्या मुख्य दुखण्याकडे येऊ. विद्यापीठातले हे लेखन इंग्रजीत होते. देशाच्या राजभाषा चार: इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. सिंगापूर साहित्य पुरस्कारही याच चार भाषांना. शाळेत १९९० च्या सुमारापासून हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि उर्दू या पाच भाषा दुसरी भाषा म्हणून घेता येऊ लागल्या. मराठी त्यांत नाही. म्हणून आपली बहुतेक मुले हिंदी घेतात. त्यांची लिपी पक्की होते ही मोठीच गोष्ट. पण मराठी राहते ती जेवणाच्या टेबलावर, आजीच्या फोनवर, गणपतीच्या आरतीत आणि मंडळाच्या शाळेत रविवारच्या तासापुरती.

अशा घरातले मूल विद्यापीठात जाऊन गोष्ट लिहायला बसते तेव्हा काय होते? त्याच्या गोष्टीत आजी असते, पण आजी इंग्रजी बोलते. "अगं बाई" चे भाषांतर होत नाही, म्हणून ते वाक्यच गळते. वर्गातले मित्र विचारतात, हे पोहे म्हणजे काय? मग लेखक पोहे काढून टाकतो आणि तेथे पाव घालतो. असे एकेक पान गळत गेले की शेवटी आजी नावापुरती उरते.

हे टाळणे मुलाच्याच हातात आहे. पण त्यासाठी त्याच्याजवळ मराठी हवी, आणि ती आपण दिली पाहिजे. मॉरिशसच्या आपल्या बांधवांकडे पाहावे. तेथे मराठी माणूस जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकता येते. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होवो. तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय?

जो लिहीत नाही त्याच्याविषयी दुसरे लिहितात. १८२५ पासून हिंदुस्थानातले कैदी या बेटावर आणले गेले. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. त्यांनी येथील रस्ते बांधले, सेंट अँड्र्यूज चर्च बांधले, राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत निवासस्थान असलेले इस्तानाही बांधले. त्यांची हकीकत ज्या पुस्तकातून लोक वाचतात ते १८९९ साली लिहिले मॅकनेअर यांनी, आणि ते होते तुरुंगाचे अधिकारी. विटा वाहिल्या कैद्यांनी, आणि लिहिले तुरुंगाधिकाऱ्यांनी.

याउलट मुन्शी अब्दुल्ला पाहावेत. तमिळ-अरब वंशाचा हा मलाक्क्याचा माणूस, रॅफल्ससाहेबांचा लेखनिक. त्याने स्वतःची हकीकत मलय भाषेत लिहिली, आणि १८४९ साली ती छापून निघाली. जुन्या सिंगापूरविषयी बोलताना साहेबांच्या कागदांबरोबर आजही त्याचे पुस्तक उघडले जाते. एका लेखनिकाने आपले नाव राखले, कारण त्याने लेखणी आपल्या कामाला लावली.

आपल्या मराठी कुटुंबांचेही तेच आहे. कोणी गोदीत आले, कोणी बँकेत, कोणी जहाजावर, कोणी संगणकाच्या कामावर. कोणाची आई येथे येऊन पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली, कोणाच्या वडिलांनी टेक्का बाजारात कढीलिंब शोधला. हे कोण लिहिणार? परक्याने लिहिले तर तो आपल्याला "भारतीय" या एका शब्दात गुंडाळील. त्यात चूक काही नाही, पण त्यात आपले घरही नाही.

काय करता येईल

नुसता उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक. विद्यापीठात जाणाऱ्या मुलाने लेखनाचा एखादा तरी वर्ग घ्यावा, मग त्याचा मुख्य विषय कोणताही असो. पालकांनी हा एक वर्ग म्हणजे वाया गेलेले गुण समजू नयेत.

दोन. वर्गात गोष्ट इंग्रजीतच लिहायची असली तर लिहावी. पण तिच्यातली माणसे ज्या भाषेत बोलतात ती भाषा कानात ठेवावी. पोहे पोहेच राहू द्यावेत. ज्याला कुतूहल असेल तो विचारील, आणि विचारले म्हणजेच ओळख होते.

तीन. प्रत्येकाने एक तरी मराठी मजकूर इंग्रजीत आणावा, किंवा आपली एक गोष्ट मराठीत न्यावी. आजोबांचे पत्र असेल, आईची पाककृतींची वही असेल, नाहीतर एखादी छोटी कथा. भाषांतर करताना दोन्ही भाषा कसून शिकाव्या लागतात. करंदीकरांनी आयुष्यभर तेच केले.

चार. महाराष्ट्र मंडळाकडे "ऋतुगंध" आहे. त्यात विद्यापीठातल्या मुलांसाठी नेमाने जागा असावी, आणि तेथे शिकलेली कार्यशाळेची पद्धत मंडळाच्या शाळेतही आणावी. दहा मुले गोल करून बसली, एकाने मराठीत अर्धे पान लिहून आणले, आणि बाकीच्यांनी ते प्रेमाने पण स्पष्ट बोलून सुधारले, तर त्याला खर्च कितीसा येणार? शुद्धलेखनाच्या चुका होतील. होऊ द्याव्यात. आधी बोलू द्यावे, मग ऱ्हस्व-दीर्घ पाहावे.

काही वडीलधारी म्हणतील, मुलांना मराठी धड बोलता येत नाही, ती लिहिणार काय? आम्ही त्यांना विचारतो, येत नाही म्हणून लिहू दिले नाही तर येणार केव्हा? पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे कुणाला आले आहे?

आणि जे पालक हप्त्याकडे पाहून गप्प बसले आहेत त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. आपल्या मुलाने "मला लिहायचे आहे" म्हटले तर त्याला दोन प्रश्न विचारा. कशाविषयी लिहिणार? आणि त्याच्या जोडीला काय शिकणार? दोन्हींची उत्तरे त्याच्याजवळ असतील तर त्याच्या मार्गात आडवे येऊ नका. नसतील तर रागावू नका. त्याला आजीजवळ बसवा, आणि आजी येथे कशी आली ते तिच्याच तोंडून ऐकू द्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच मिळेल. दुसऱ्याचे विद्यापीठात शोधता येईल.